कागदाच्या होडीतला मोती

कुत्र्या-मांजरांचे वेगवेगळे फोटो जोडून त्यातून एकच अद्भुत चित्र घडवायचं, ही कला दीडशे वर्षांची आहे. कात्री-गोंदापासून कॉम्प्युटरपर्यंतचा तिचा प्रवास मोठा गमतीचा. पण या गमतीत मुक्या जनावराच्या सुखाचा प्रश्नही गुंतलेला आहे!

घरात ग्रामोफोन असो वा नसो, कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला तो पांढरा कुत्रा कुणाला ठाऊक नाही? एचएमव्हीच्या तबकड्यांवरून तो घराघरांत पोचला. नाट्यपद असो, भावगीत असो की अभंग, तबकडी फिरायला लागली की हे महाशयही तिच्याबरोबर गरगर फिरू लागत आणि घरातली पोरं टक लावून बघत बसत.

या कुत्र्याचं नाव निपर. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १८८४ साली तो जन्मला. त्याचा मालक मार्क बॅरॉड वारल्यावर मार्कचा चित्रकार भाऊ फ्रान्सिस यानं त्याला सांभाळलं. आता गंमत बघा. फ्रान्सिसनं ते जगप्रसिद्ध चित्र काढलं १८९८ मध्ये आणि निपर मेला होता १८९५ मध्येच! म्हणजे चित्र रंगवलं तेव्हा कुत्रा या जगातच नव्हता. एवढंच नव्हे, चित्रात आधी ग्रामोफोनही नव्हता. होता तो नळकांडीवर वाजणारा फोनोग्राफ. त्या चित्राला गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा ग्रामोफोन कंपनीनं सुचवलं, ‘आमचं यंत्र घाला, चित्र विकत घेतो.’ फ्रान्सिसनं १८९९ मध्ये जुन्या यंत्रावर रंग चढवून नवं यंत्र बसवलं आणि चित्र व त्याचे हक्क मिळून शंभर पौंडांना विकले. मूळ चित्रात रंगाच्या थराखाली त्या जुन्या फोनोग्राफच्या खुणा अजून दिसतात.

तेव्हा जगातलं बहुधा सर्वांत जास्त पाहिलं गेलेलं पाळीव प्राण्याचं चित्र हे मुळात एक जोडकाम आहे! कुत्रा एका काळातला, यंत्र दुसऱ्या काळातलं. तरीही ते चित्र खोटं वाटत नाही. कारण कुत्रा खरा आहे. फ्रान्सिसनं त्याला वर्षानुवर्षं घरात वावरताना पाहिलं होतं. ती कलती मान, ते टवकारलेले कान त्याच्या ओळखीचे होते. बाकी सगळं बदललं, पण निपरचं निपरपण तेवढं त्यानं जपलं.

पाळीव प्राण्यांची जोडचित्रं करणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट गाठीशी बांधून ठेवावी.

जोडचित्र म्हणजे काय?

फोटोग्राफर मंडळी याला ‘कॉम्पोझिट’ म्हणतात. आपण जोडचित्र म्हणू. दोन, चार, कधी वीस-पंचवीस वेगवेगळे फोटो घेऊन ते असे बेमालूम एकत्र करायचे, की बघणाऱ्याला ते एकाच वेळी, एकाच जागी टिपल्यासारखे वाटावेत. ढगांवर झोपलेली मनीमाऊ, चंद्रकोरीवर बसलेला बोका, टाकीएवढ्या कपबशीतून डोकावणारं पिल्लू... असे फोटो तुम्ही कॅलेंडरवर, शुभेच्छापत्रांवर नक्की पाहिले असतील.

हे सगळं कॉम्प्युटर आल्यावर सुरू झालं, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकारानं १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह वापरून एक भव्य प्रसंगचित्र तयार केलं होतं. व्हिक्टोरिया राणीनं त्याची प्रत विकत घेतली. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यानं पाच निगेटिव्ह जोडून एका मरणासन्न मुलीचं चित्र केलं. अनेकांना ते बघवेना! जोडलेलं आहे हे ठाऊक असूनही माणसं हेलावतात, हे तेव्हाच सिद्ध झालं.

आपल्याकडेही ही कला परकी नव्हती. राजस्थानात नाथद्वाऱ्याचे चित्रकार यात्रेकरूंसाठी श्रीनाथजींचं चित्र काढत. त्यात दर्शनाला उभ्या असलेल्या कुटुंबाचे चेहरे मात्र फोटोतून कापून चिकटवलेले असत. अंगावरची पगडी, उपरणं, लुगडं सगळं रंगवलेलं, चेहरा तेवढा स्टुडिओतला! दादासाहेब फाळके यांनी ‘लंकादहन’ या १९१७ च्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाकडून करवून घेतल्या होत्या. आणि जत्रेतला फोटो स्टुडिओ आठवतो? पडद्यावर रंगवलेलं विमान, पुठ्ठ्याची मोटारगाडी, त्यात ऐटीत बसलेले आपण. तीही जोडचित्राची धाकटी बहीणच.

टोपी घातलेली मांजरं

प्राण्यांच्या बाबतीत मात्र अडचण वेगळी होती. माणसाला ‘हलू नका’ म्हणता येतं. मांजराला कोण सांगणार?

इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरात हॅरी पॉइंटर नावाचा छायाचित्रकार होता. १८७० च्या दशकात त्यानं मांजरांचे फोटो काढायला सुरुवात केली. चहा पिणारं मांजर, सायकलवर बसलेलं मांजर, कॅमेऱ्यामागे उभं असलेलं मांजर! फोटोखाली एखादं मजेदार वाक्य किंवा शुभेच्छा छापल्या की लोकांच्या त्यावर उड्या पडत.

त्यानंतर अमेरिकेत हॅरी व्हिटियर फ्रीस आला. मांजराची पिल्लं स्वयंपाक करताहेत, कुत्र्याची पिल्लं कपडे वाळत घालताहेत, असे त्याचे फोटो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फार गाजले. १९१५ मध्ये त्याचं एक पुस्तकही निघालं. पिल्लांचे इवले इवले झगे त्याची आई शिवून देई. त्याच्या अनुभवाप्रमाणे ससा बसवायला सर्वांत सोपा, पण त्याला अभिनय येत नाही. मांजराचं पिल्लू सर्वांत गुणी नट. आणि डुक्कर? महाकठीण! सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा वेळ पिल्लू निश्चल राहावं लागे. त्यामुळे काढलेल्या निगेटिव्हपैकी दोनतृतीयांश टाकून द्याव्या लागत. या कामाचा त्याच्या मनावर इतका ताण येई, की वर्षातले काही महिनेच तो हे फोटो काढी.

फ्रीस म्हणे, आपण हे सगळं मायेनं आणि संयमानं करतो. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण ते घट्ट झगे, टाचण्या लावून ताठ केलेली कापडं आणि त्यात अवघडून बसलेली पिल्लं पाहताना आज आपण जरा अस्वस्थ होतोच. फोटो गोड आहे, पण तो कुणाच्या जिवावर?

अठ्ठावीस वेळा हवेत

हाच प्रश्न विचारायला लावणारं दुसरं चित्र १९४८ सालचं आहे. छायाचित्रकार फिलिप हाल्समन आणि चित्रकार साल्वादोर दाली या दोघांनी मिळून केलेलं. फोटोत दाली हवेत उडी मारून आहे, खुर्ची हवेत, चित्राची घोडी हवेत, पाण्याचा लोट हवेत आणि त्या लोटाच्या अलीकडे पलीकडे तीन मांजरंही हवेत!

खुर्ची हाल्समनच्या बायकोनं धरलेली होती, घोडी बारीक तारांनी टांगलेली होती. छपाईच्या वेळी या खुणा पुसून टाकल्या. घोडीवरच्या रिकाम्या चौकटीत दालीनं नंतर हातानं चित्र काढून भरलं. पण मांजरं आणि पाणी मात्र खरोखरच फेकलेलं. एक, दोन, तीन... फेका! मग फिल्म धुऊन बघायची. काही ना काही चुकलेलं असायचंच. पुन्हा मांजरं गोळा करा, पुसा, पुन्हा फेका. असं सहा तासांत अठ्ठावीस वेळा झालं, तेव्हा मनासारखा फोटो मिळाला. मांजरांना काही इजा झाली नाही, उलट आम्हीच दमून गेलो, असं हाल्समननं पुढे सांगितलं. फोटो अजरामर झाला. पण त्या तीन मांजरांना कुणी विचारलं होतं का?

आज तोच फोटो करायचा झाला तर एकही मांजर फेकावं लागणार नाही. मांजर स्वतःच्या खुशीनं कपाटावरून गादीवर उडी मारतं, तो क्षण टिपायचा. पाणी वेगळं टिपायचं. माणूस वेगळा. मग तिघांची गाठ कॉम्प्युटरवर घालून द्यायची. या कलेचं खरं मोठेपण इथंच आहे. जोडचित्रात जे काही संकट असतं ते कागदावर असतं, जनावराच्या वाट्याला येत नाही. निदान येऊ नये.

वाइमारनर कुत्र्यांचे फोटो काढणारा अमेरिकन कलावंत विल्यम वेगमन याची वाट आणखी वेगळी होती. त्यानं आपल्या पहिल्या कुत्र्याचं नाव एका प्रख्यात छायाचित्रकाराच्या नावावरून ‘मॅन रे’ ठेवलं. हा कुत्रा १९८२ मध्ये मेला. पुढं फे रे ही कुत्री आणि तिची पिल्लं आली. वीस गुणिले चोवीस इंचांचा फोटो तिथल्या तिथं काढून देणाऱ्या अवाढव्य पोलरॉइड कॅमेऱ्यावर वेगमन त्यांचे फोटो काढी. त्यात मागाहून दुरुस्तीला वावच नाही. कोट घातलेल्या कुत्र्याला माणसाचे हात फुटलेले दिसतात ते त्याच्यामागे लपून उभ्या असलेल्या मदतनिसाचे! त्याच्या फोटोंतली कुत्री खुळी दिसत नाहीत, चांगली रुबाबदार दिसतात. रोज सोबत राहिल्यामुळे कुत्र्याला काय आवडतं, कुठं थांबायचं, हे त्याला बरोबर कळत होतं.

मोतीला होडीत कसं बसवाल?

१९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आलं. चार वर्षांनी त्यात ‘लेअर’ची सोय झाली. म्हणजे काचेच्या पारदर्शक पट्ट्यांवर वेगवेगळी चित्रं काढून त्या एकावर एक ठेवाव्यात, तसं. वरची पट्टी हलवली तरी खालची बिघडत नाही. जोडचित्रवाल्यांना जणू अलीबाबाची गुहाच सापडली. डार्करूममधलं सहा आठवड्यांचं काम सहा तासांवर आलं. आता तर मोबाइल फोनवरही बरंच काही करता येतं.

पण यंत्र कितीही हुशार असलं तरी चित्र डोक्यातच जुळावं लागतं. एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्याकडे मोती नावाचा कुत्रा आहे आणि तुम्हाला तो पावसाच्या पाण्यात, कागदाच्या होडीत बसून निघालेला दाखवायचा आहे.

आधी होडीचा फोटो काढा, मोतीचा नंतर. कारण पाऊस आणि ढग आपल्या हातात नसतात, मोतीला मात्र बिस्किटावर राजी करता येतं. अंगणातल्या डबक्यात होडी सोडा. पण रिकामी नको! तिच्यात एक खडा ठेवा, म्हणजे ती पाण्यात जराशी दबेल. रिकामी होडी पिसासारखी तरंगते आणि मग तिच्यात बसलेला कुत्रा बिनवजनाचा वाटतो. कॅमेरा पाण्याच्या जवळ, खाली न्या. खालून पाहिलं की इवलीशी होडीही गलबतासारखी दिसते. आता एका कागदावर टिपून ठेवा: उजेड कुठल्या बाजूनं होता, कडक होता की ढगाळ, कॅमेरा होडीच्या काठाच्या वर होता की खाली.

मग मोतीची पाळी. व्हरांड्यात एक खोका ठेवा. खोक्याचा काठ म्हणजे होडीचा काठ. मोतीचे पुढचे पाय त्यावर टेकवा. होडीवर उजेड डावीकडून होता तर इथंही खिडकी त्याच्या डावीकडेच हवी. कॅमेऱ्याची उंचीही तशीच. मागं साधी राखाडी चादर बांधा. लाल किंवा हिरवीगार चादर नको, तिचा रंग केसांवर उतरतो आणि मग जन्मभर निघत नाही. बिस्किट हातात घेऊन मदतनिसानं त्या दिशेला उभं राहायचं, जिकडे होडी निघाली आहे. मोतीची नजर आपोआप प्रवासाच्या वाटेवर लागते.

यानंतर कापणी. नवशिके इथंच फसतात. कुत्र्याच्या अंगाची कड म्हणजे पुठ्ठ्याची कड नव्हे. तिथं हजारो केस असतात, मांजराला तर मिशाही असतात. कात्रीनं कापल्यासारखी कड आली की सगळा खेळ संपला. म्हणून ब्रशनं, मऊ हातानं, थोडं थोडं करत कड सोडवायची. तुटलेल्या मिशा एक एक करून पुन्हा काढायच्या.

मग सावली. पंजा जिथं काठाला टेकतो तिथं एक बारीक, गडद रेघ असते. ती नसेल तर कुत्रा होडीत बसलेला नाही, तर होडीवर चिकटवलेला वाटतो. पाण्यात प्रतिबिंब पडायला हवं. मोतीचीच एक प्रत उलटी करून, थोडी पुसट करून, लाटांबरोबर जराशी मोडून घ्यायची. ढगाळ उजेडाला किंचित निळसर झाक असते, घरातल्या बल्बच्या उजेडाला पिवळी. या दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

शेवटी परीक्षा. चित्र आरशात बघतो तसं उलटं करून पाहा. खटकणारी जागा लगेच डोळ्यांत भरते. आणि खरा परीक्षक हवा असेल तर घरातल्या सात-आठ वर्षांच्या पोराला दाखवा. ‘याची सावली कुठंय?’ असं तो विचारेलच.

जीभ बाहेर म्हणजे हसू नव्हे

आता जरा मोतीच्या बाजूनं विचार करू.

फोटोत कुत्रा जीभ काढून असला की आपण म्हणतो, ‘बघा, कसा हसतोय!’ पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जीभ बाहेर काढूनच तो अंगातली उष्णता घालवतो. त्यामुळे ते हसू पुष्कळदा गरमीचं किंवा भीतीचं असतं. झोप आलेली नसताना वारंवार जांभई देणं, सारखे ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्यांतला पांढरा भाग दिसणं, शेपूट पायांत घालणं या सगळ्याचा अर्थ एकच: ‘पुरे करा आता.’ मांजराचे कान मागे चिकटले आणि शेपटीचे फटके सुरू झाले की कॅमेरा ठेवून द्यावा. खास करून पग किंवा पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांना गरमी फार लवकर बाधते.

पगवरून आठवलं. ‘हच’ या मोबाइल कंपनीच्या २००३ सालच्या जाहिरातीत एका लहान मुलामागे पग धावत होता. बघता बघता देशभर पगची मागणी वाढली. हा कुत्रा आपल्या उन्हाळ्यात किती हाल सोसतो, त्याला श्वास घ्यायला किती त्रास होतो, याचा विचार घेणाऱ्या किती जणांनी केला असेल? चित्राची ताकद अशी असते. प्राण्याचं गोड चित्र करणाऱ्यानं हे विसरून चालणार नाही.

इथं जोडचित्र आपल्या मदतीला येतं. मोतीला टोपी घालायची आहे? टोपी पालथ्या तांब्यावर ठेवून तिचा वेगळा फोटो घ्या आणि मागाहून त्याच्या डोक्यावर चढवा. दिवाळीचा फोटो हवा? मोतीपुढे फुलबाजी पेटवायचं कारणच नाही. फटाक्यांच्या आवाजानं आधीच तो पलंगाखाली दडलेला असतो. फुलबाजी अंगणात वेगळी टिपा. होळीला त्याला रंग लावू नका. तो अंग चाटतो आणि रंग पोटात जातो. रंग कॉम्प्युटरवर लावा, हवे तेवढे लावा! कठड्यावर, गच्चीच्या कडेला, विहिरीच्या काठावर प्राण्याला कधीही बसवू नका. मैदानात फोटो काढायचा तर गळ्यातली साखळी सोडायची गरज नाही. साखळीसह एक फोटो घ्या. मग कॅमेरा जराही न हलवता, प्राण्याला बाजूला करून त्याच जागेचा दुसरा, रिकामा फोटो घ्या. या दुसऱ्या फोटोचा तुकडा साखळीवर बसवला की साखळी गायब!

आणखी एक. आपल्या देशी पोपटाला पिंजऱ्यात ठेवणं किंवा चांदणी कासव पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यांना ‘पाळीव’ म्हणून फोटोत मिरवू नका. आणि चित्रपट किंवा जाहिरातीसाठी प्राण्यांकडून काम करून घ्यायचं तर परवानगी लागते, हेही व्यावसायिकांनी ध्यानात ठेवावं.

गेलेला टॉमी, आलेली राणी

या कलेला एक हळवी बाजूही आहे. कुत्र्याचं आयुष्य साधारण दहा-बारा वर्षांचं, फार तर पंधरा. पोरगं पहिलीत असताना आणलेला टॉमी, ते कॉलेजात जाईपर्यंत निघून जातो. मग कधीतरी घरात दुसरं पिल्लू येतं. आणि कुणाच्या तरी मनात येतं, दोघांचा एकत्र फोटो असता तर! किंवा आजोबांच्या पायाशी तो नेहमी बसायचा, आता आजोबाही नाहीत आणि तोही नाही, पण दोघांचा मिळून एकही धड फोटो नाही.

असं जोडचित्र करता येतं. जुना फोटो काचेतून बाहेर काढून, सपाट ठेवून स्कॅन करावा. त्यातला उजेड कुठून आहे ते आधी बघावं आणि नव्या पिल्लाचा फोटो त्या उजेडाप्रमाणे काढावा. उलटं करायला जाऊ नये, कारण जुना फोटो पुन्हा काढता येत नाही, नवा कितीही वेळा काढता येतो. जुन्या फोटोतला डाग, मळकटपणा सगळा पुसून टॉमीला गुळगुळीत करू नये. त्याचा फाटका कान, पांढरी झालेली हनुवटी तशीच राहू द्या. घरच्यांना जो आठवतो तो तोच.

मात्र घरातल्या सगळ्यांना विचारून हे करावं. एखाद्याला असं चित्र पाहून बरं वाटतं, दुसऱ्याच्या जखमेवरची खपली निघते. आणि लहान मुलांना सरळ सांगावं, ‘हे दोघं कधी भेटले नव्हते बरं का, आपण त्यांना चित्रात भेटवलंय.’ मुलांना ते चटकन पटतं. त्यांच्या जगात अशा भेटी रोजच होत असतात.

खरं किती, खोटं किती?

शेवटी प्रश्न उरतोच. ही फसवणूक नाही का?

सांगून केली तर नाही. कागदाच्या होडीतला मोती पाहून कुणी फसत नाही, हसतो. पण जोडलेला किंवा रचलेला फोटो ‘खरोखर असंच घडलं’ म्हणून खपवला, की ती लबाडी होते. एका नामांकित वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ मध्ये फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं होतं. पुढं परीक्षकांना वाटलं, हा रानातला लांडगा नसून माणसाळवलेला असावा. छायाचित्रकारानं हे नाकारलं, तरी २०१० मध्ये बक्षीस काढून घेण्यात आलं. तोच फोटो कल्पनाचित्र म्हणून आला असता तर कुणाची हरकत नव्हती!

आता तर आणखी नवा पेच आलाय. चार शब्द टाकले की कॉम्प्युटर स्वतःच कुत्र्याचं चित्र तयार करून देतो. होडी देतो, पाऊस देतो, प्रतिबिंबही चोख देतो. कॅमेरा नको, बिस्किट नको, खिडकी नको. चित्र सुंदर येतं यात वाद नाही. पण तो कुत्रा कुणाचा? त्याच्या कानावर तो जुना ओरखडा नसतो. एक डोळा जरा बारीक करून बघायची त्याला सवय नसते. त्याच्या गळ्यातला पट्टा तुमच्या बाजारातून आणलेला नसतो. तो कुठलाही कुत्रा असतो आणि म्हणूनच तो कुणाचाच नसतो. आकाश खोटं चालेल, समुद्र खोटा चालेल, पण ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो मोती मात्र आपलाच हवा.

घरच्या घरी करून पाहा

• फोटो प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्या. उभ्यानं, वरून घेतलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय इवलेसे दिसतात.

• फ्लॅश सरळ डोळ्यांवर मारू नका. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांमागे उजेड परतवणारा पडदा असतो, त्यामुळे डोळे हिरवे-पिवळे चमकतात. खिडकीचा उजेड सर्वांत चांगला.

• काळ्या कुत्र्याला काळ्या पडद्यापुढे आणि पांढऱ्या मांजराला पांढऱ्या भिंतीपुढे बसवू नका. कापताना कड सापडत नाही.

• दोन-तीन प्राणी एकत्र हवेत तर कॅमेरा तिपाईवर पक्का बसवा आणि एकेकाला त्याच्या जागेवर बसवून वेगवेगळे फोटो घ्या. भांडणं टळतात!

• उडणारा कुत्रा दाखवायचा तर त्याला स्टुलावर पालथा घालू नका. पोट चपटं दिसतं आणि त्यालाही त्रास होतो. चेंडूमागे उडी मारताना टिपा.

• एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. शेवटी खाऊ आणि शाबासकी विसरू नका.

• मूळ फोटो कधीही पुसू नका. काम नेहमी त्याच्या प्रतीवर करा.

आणि एक काम आजच करा. जोडचित्र पुढं कधीही होईल, ढग आणि समुद्र कुठं पळून जात नाहीत. पण मोती आज आहे. दुपारी दारात पाय ताणून झोपतो तेव्हा, जेवणाची थाळी वाजली की मान वळवतो तेव्हा, तुम्ही कुलूप काढता आणि तो आतून दारावर पंजे मारतो तेव्हा त्याचे साधेसुधे फोटो काढून ठेवा. पंजे, कान, शेपूट, पाठमोरा, समोरून, सगळे काढा. उद्या त्याला चंद्रावर बसवायचं झालं तरी हाताशी असलेल्या याच फोटोंतून बसवावं लागेल.